यानातलं ग्रहण

"आजी, तुम्ही शिकलेल्या नाहीत, हेच तर आम्हाला हवंय," असं तो पोरगा माझ्या ओसरीवर बसून, माझाच चहा पिऊन, मला म्हणाला.

मी पानाचे देठ खुडत होते. खुडणं थांबवलं नाही. "मग मीच कशाला?" मी म्हणाले. "ती समोर म्हैस बांधलीय बघ. ती माझ्याहून कमी शिकलीय."

तो हसला. टीव्हीवाल्यांना कुणी तोंडावर टाकून बोललं की आपण घरातलेच झालो असं वाटतं.

कौस्तुभ त्याचं नाव. मालिकेचा दिग्दर्शक. दुसऱ्याच्या घरी अर्ध्या चड्डीवर आला होता. सोबत शलाका म्हणून एक बाई, मुंबईच्या चॅनलची. गॉगल डोळ्यांवर नाही, केसांत. ओसरीवर ऊन नव्हतं, तिच्या केसांत कुठून आलं कुणास ठाऊक. दोघं बरोबर सकाळचे आले होते, सुचेता कॉलेजात असते तेव्हा. चोरालासुद्धा इतकी वेळ साधत नाही.

सुचेता माझी सून. पिंपळगावच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. या लोकांनी आदल्या वर्षी हायवेवरचं बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज भाड्यानं घेतलं आणि जिथं द्राक्षांच्या पेट्या रचायच्या तिथं अंतराळयान बांधलं. थर्माकोलचं. सरंजामे नावाचं एक खानदान त्या यानात बसून मंगळावर निघालेलं, सासू, चार सुना, आजेसासू, सगळ्या काठपदरात. पृथ्वीवर भांडायला जागा पुरेना म्हणून निघाल्या असाव्यात. आणि हे सगळं खरं वाटावं म्हणून त्यांना एक विज्ञान सल्लागार हवा होता. तो सल्लागार म्हणजे आमची सुचेता.

तिला काय वाटलं होतं देव जाणे. पहिल्या आठवड्यात ती रोज जेवताना सांगायची. यानात वजन नसतं, तेव्हा पदर खाली लोंबणार नाही, असं ती त्यांना म्हणाली. ते म्हणाले, पदर उडाला तर चॅनल नोटीस काढेल. समईची ज्योत तिथं अशी उभी राहत नाही, गोल होते, असं ती म्हणाली. ते म्हणाले, गोल ज्योत अपशकुनी दिसते. शेवटी ती म्हणाली, निदान कुकरच्या शिट्ट्या तरी काढा. शिट्ट्या ठेवल्या, आणखी दोन वाढवल्या.

"मग तुला नेलंय कशाला?" मी विचारलं होतं.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली होती.

मला माहीत होतं. लग्नात गुरुजींना नेतात तसं नेलं होतं. मंत्र कुणी ऐकत नाही, पण नसले तर लग्न झालं म्हणता येत नाही.

एक मात्र होतं. दर भागाच्या शेवटी तिला मिनिटभर पडद्यावर दाखवायचे. ती स्वतः उभी राहून सांगायची, आज दाखवलं त्यामागचं खरं विज्ञान काय. तारे का लुकलुकतात, मंगळ तांबडा का. त्या मिनिटात तिला कुणी अडवत नव्हतं. खाली नाव यायचं, प्रा. सुचेता रंगनाथ बोरस्ते. तालुक्यातली पोरं ते मिनिट बघायला बसायची. बाजारात मला बायका म्हणायच्या, "हौसाबाई, तुमची सून काल शनीचं सांगत होती." मी म्हणायचे, "शनी आमच्या घरात आहेच, तिला सांगायला सोपं जातं." पण ऐकायला बरं वाटायचं. वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता ते मिनिटच अडकलं होतं.

"यान चंद्राच्या सावलीत शिरतं," कौस्तुभ मला समजावत होता, हातानं यान करून. "म्हणजे ग्रहण. धाकटी सून गरोदर आहे. सगळे नको नको म्हणत असताना ती सुरी घेते, केक कापते. आणि मग तिचं बाळ जन्मतं, ओठ फाटलेलं. यानातला डॉक्टर सांगतो, ग्रहणाच्या किरणांमुळे असं होतं. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं."

"बरं."

"शेवटच्या मिनिटात सुचेता मॅडमनी फक्त एवढंच म्हणायचंय की याला विज्ञानाचा आधार आहे. एक वाक्य. त्या ऐकतच नाहीत."

"काय म्हणते?"

"म्हणतात, माझ्या नावाखाली हे जाणार नाही."

शलाकाबाईनं फोनमधून मान वर केली. "आजी, त्या हुशार आहेत. पण तुम्हाला माहितीये ना, शिकलेल्या सुना कशा असतात. घरातल्या मोठ्यांचं ऐकायचं म्हटलं की." पुढचं वाक्य तिनं माझ्यासाठी मोकळं सोडलं, मी त्यात बसावं म्हणून.

मी बसले. "मला सांगता होय," मी म्हणाले.

दोघांचे चेहरे उजळले. मग कौस्तुभनं खरी गोष्ट काढली. सुचेता ऐकत नसेल तर तिच्या जागी त्या मिनिटात मी बोलायचं. घरची मोठी बाई, ग्रहणात काय पाळतात आणि नाही पाळलं तर काय होतं, ते आपल्या भाषेत सांगेल. खाली विज्ञान सल्लागार म्हणून नाव सुचेताचंच राहील. करार वर्षाचा आहे, नाव त्यांना वापरता येतं.

"म्हणजे बोलायचं मी, आणि नाव तिचं?"

"दोन्ही पिढ्या एकत्र, आजी. प्रेक्षकांना फार भावेल."

"येते," मी म्हणाले. "गाडी पाठवू नका. सूनच आणून सोडेल."

हे लोक सासवासुनांवरच जेवतात. रोज एक सासू दूध सांडते, रोज एक सून रडते. त्यांनी ते इतकी वर्षं लिहिलं की त्यांना तेच खरं वाटायला लागलं. सून अडली की सासूकडं जायचं, सासू हसत हसत सुरी देईल. आमच्या घरी ते त्याच हिशेबानं आले होते. आणि मीही त्यांना दुसरं काही दाखवलं नाही. सुचेताचं आणि माझं गूळपीठ आहे असंही नाही. तिचा वरण करायचा हात पातळ आहे, आणि मी काही बोलले की ती उत्तर देत नाही, नुसती ऐकून घेते. हे मला भांडणापेक्षा जास्त लागतं.

संध्याकाळी मी तिला सांगितलं.

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "आई, तुम्ही हो म्हणालात?"

"मला बोलावलं तर जाऊ नको?"

"त्यांनी मला विचारलं नाही."

"मला विचारलं. माझ्या घरी येऊन विचारलं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग हळू म्हणाली, "वर्गात पोरं मला विचारतील, मॅडम, तुमच्या नावाखाली आलं होतं. मग मी त्यांना काय शिकवू? ती एक गोष्ट आहे माझ्याकडं, आई. मी सांगते ते खरं असतं, एवढीच."

"भाकरी करपतेय," मी म्हणाले.

रंगनाथ, माझा मुलगा, पाटावर बसला होता. त्यानं आमच्या दोघींकडं पाहिलं आणि ताटाकडं बघायला लागला. त्याच्या बापाचीही तीच रीत होती.

रविवारी ती मला घेऊन गेली. गाडी चालवताना एक शब्द नाही. मी चांगलं इरकल नेसले होते, नाकात नथ नाही पण कानात बुगड्या. यान बघायला जायचं म्हणजे काही कमी नको.

यान कसलं. आत पाऊल टाकलं तर अजून द्राक्षांच्या पेट्यांचा वास येत होता. भिंतींना चंदेरी कागद, त्यावर लाल निळे दिवे, त्यातले अर्धे दिवाळीच्या माळेचे. मोठी सासू अंतराळवीराच्या बुटांत पाय घालून खुर्चीवर मिसळ खात होती. देवघर मात्र खरं सागवानी. मंगळापर्यंत जायला थर्माकोल चालतो, देवाला चालत नाही.

एका पोरीनं माझ्या तोंडाला पावडर लावायला घेतली. "राहू दे," मी म्हणाले. "माझं तोंड आहे तसंच लोकांनी पाहिलंय." तिनं कौस्तुभकडं पाहिलं, त्यानं मान हलवली. मला देवघरासमोर पाटावर बसवलं. मागं खिडकी, खिडकीत काळा चंद्र. सुचेता कॅमेऱ्याच्या मागं भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात मागं बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

"आजी, घाबरायचं नाही," कौस्तुभ म्हणाला.

"तू घाबरू नको. मी रोज बोलते."

"आधी सांगा, ग्रहणात गरोदर बाईनं काय पाळायचं. मग, नाही पाळलं तर काय होतं. बस."

दिवा लागला. मी बोलायला लागले.

"वेध लागले की खायचं नाही. पाण्यात तुळशीचं पान टाकायचं आणि ते पाणीही प्यायचं नाही. अंथरुणावर सरळ पडायचं. कूस बदलायची नाही, हात मुडपायचा नाही, पाय मुडपायचा नाही. खाज आली तरी खाजवायचं नाही. विळीला हात लावायचा नाही, सुईला लावायचा नाही, देठसुद्धा खुडायचा नाही. बाहेर बघायचं नाही. दे दान सुटे गिराण म्हणत मागणारे दारावरून गेले, ग्रहण सुटलं, की डोक्यावरून आंघोळ करायची, आणि मग पाणी."

कौस्तुभचा चेहरा असा फुलला होता की जणू त्याच्या घरी बारसं. शलाकानं त्याला अंगठा दाखवला. सुचेतानं मान खाली घातली होती.

"वा, आजी," कौस्तुभ म्हणाला. "आणि नाही पाळलं तर?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "मी पाळलं होतं."

तो थांबला. त्याला वाटलं, म्हातारी चुकली. "नाही, म्हणजे, नाही पाळलं तर बाळाला काय होतं, ते."

"अरे, ऐक की. ऐंशी सालचं ग्रहण. भर दुपारचं. गावात माणूस दिसत नव्हतं, कुत्रीसुद्धा आत. मला दिवस गेलेले. आत्ता सांगितलं ते सगळं मी केलं. माझी सासू दारात बसली होती, माझ्यावर नजर ठेवून. तिच्या डोळ्यांसमोर मी लाकडासारखी पडले होते. माशी बसली तोंडावर, ती पण उडवली नाही. आणि पोरगा झाला, हा आमचा रंगनाथ, तो ओठ फाटलेला. नाकापर्यंत. दूध ओढता येईना त्याला, वाटी-चमच्यानं पाजलं."

मिसळ खाणाऱ्या सासूनं पाव खाली ठेवला.

"मी सासूला म्हटलं, तुम्ही दारात होतात, तुम्हीच सांगा लोकांना. ती म्हणाली, मला मध्ये डुलकी लागली होती, तेवढ्यात तू काहीतरी कापलं असशील. झालं. सगळ्या गावाला ते पटलं. मी पाळलं म्हणजे पोर नीट व्हायला हवं, पोर नीट नाही म्हणजे मी पाळलं नाही. नवऱ्याला पटलं. माझ्या आईला पटलं. पंगतीत बायका माझ्यापुढची विळी उचलून घ्यायच्या, कुणी गरोदर आसपास असली तर. ओठ शिवला त्याचा नाशकाला नेऊन, एकदा नाही, दोनदा. शाळेत जायला लागला तेव्हा एक दिवस मला विचारतो, आई, तू काय कापलं होतंस?"

एवढं बोलूनही मी पाणी मागितलं नाही. यांच्या हातचं पाणी नको होतं मला.

"तर हे सांगायला मी आले," मी म्हणाले. "तुझ्या मालिकेतल्या त्या पोरीनं केक कापला म्हणून तिचं पोर तसं झालं, असं तू दाखवशील. आणि ज्या ज्या घरात असं पोर असेल, तिथं जेवताजेवता सगळे त्याच्या आईकडं बघतील. विचारतील, तू काय कापलं होतंस. किरणांना कुणी विचारायचं नाही."

कौस्तुभनं हातानं खूण केली, दिवा विझला. तो शलाकाकडं गेला. दोघं कुजबुजले. थर्माकोलच्या यानात कुजबुज लपत नाही. "पहिला अर्धा भाग उत्तम आहे," शलाका म्हणत होती. "पाण्यातल्या तुळशीपासून आंघोळीपर्यंत घेऊ. तिथंच कापू."

तेव्हा सुचेता भिंतीपासून पुढं आली. माझ्या घरात सात-आठ वर्षं वावरली, पण मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मोठा नाही. सपाट.

"पूर्ण दाखवा, किंवा काहीच दाखवू नका," ती म्हणाली.

"मॅडम, तुमचा करार आहे."

"माझं नाव काढा. आजपासून. करारात लिहिलंय, सल्ला डावलला तर मी नाव मागे घेऊ शकते. ते कलम मीच घालून घेतलं होतं, तुम्ही तेव्हा वाचलं नाही. आणि आईंचं अर्धं बोलणं कुठंही दिसलं तर बाकीचं अर्धं मी सांगेन. वर्गात सांगेन, गावात सांगेन. माझं ऐकणारे थोडे आहेत, पण ते ऐकतात."

"मॅडम, तुमचं ते मिनिट," कौस्तुभ म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं खरं वाईट वाटणं होतं. "पोरं बघतात ते. जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली, पण हे म्हणताना तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

शलाकानं गॉगल केसांतून काढून डोळ्यांवर घातला. मला म्हणाली, "आजी, आम्हाला वाटलं होतं, तुम्ही आमच्या बाजूनं आहात."

"तुला कुणी सांगितलं?" मी उठत म्हणाले. "मालिकेत बघितलं का?"

पुढं त्यांनी केक कापला तो कापलाच. एक टकला माणूस मुंबईहून आणला, पांढरा डगला घालून उभा केला, आणि त्यानं किरणांचं सांगितलं. मला त्यात दाखवलं नाही, सुचेताचं नावही नव्हतं. ती त्या वेळी मुद्दाम मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. त्या मिनिटावाचून तिचा जीव किती दिवस कासावीस होता ते मी पाहिलंय. मालिका पुढं लौकरच बंद पडली. मंगळापर्यंत पोचले नाहीत. शेवटच्या भागात सगळे परत पृथ्वीवर आले, कारण आजेसासूला गावची आठवण आली.

पण हे नंतरचं. त्या रविवारी आम्ही दोघी गाडीत बसलो आणि हायवेला लागलो. सुचेता बोलत नव्हती, पण येतानाचं न बोलणं आणि हे वेगळं होतं. टोलनाका गेला. मग ती म्हणाली, "आई, आपली सई माझ्या पोटात होती तेव्हा किंक्रांतीला ग्रहण होतं."

मी खिडकीबाहेर बघत होते. "असेल."

"होतं. मला तिसरा महिना होता. मी मनाची तयारी केली होती, तुम्ही मला झोपवाल, आणि मी वाद घालेन. आणि तुम्ही ओसरीवर, सगळ्यांसमोर, मला विळी दिलीत. अख्खा भोपळा दिलात. म्हणालात, बारीक चिर."

"बारीक नव्हताच चिरलास. या एवढ्या फोडी."

"मी कॉलेजात सांगत फिरले, माझी सासू किती पुढारलेली आहे."

"मी सांगितलं होतं का फिर म्हणून?"

तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. थांबवली. ट्रक बाजूनं जात होते, गाडी हलत होती.

"तुम्हाला बघायचं होतं, कापलं तर काय होतं ते," ती म्हणाली.

"हो."

"आणि सईचा ओठ तसा निघाला असता तर?"

हे तिनं विचारणारच होतं. मी विचारलं असतं. मी तिच्याकडं वळून पाहिलं नाही, पण उत्तर दिलं.

"दारं उघडी ठेवली होती ना मी. शेजारच्या दोघी जात्याजवळ बसल्या होत्या, त्यांनी बघितलं, विळी कुणी दिली ते. तसं झालं असतं तर तुझ्याकडं कुणी बोट केलं नसतं. म्हणाले असते, म्हातारीनं केलं. ती बोलणी मी खाल्ली असती. मला सवय होती."

सुचेतानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग नाक ओढलं आणि तिच्या वर्गातल्या आवाजात, जो मला अजिबात आवडत नाही, म्हणाली, "पण आई, एका दाखल्यावरून काहीच सिद्ध होत नाही. निदान शंभरेक बायका तरी लागतात."

"शंभर सुना?" मी म्हणाले. "एकीनं इथं माझा जीव खाल्लाय. काढ गाडी."